समक्ष विचारल्यावरून

२८ डिसेंबर १९७८

पांडू गेला. खळ्यावर रचलेली भाताच्या पेंढ्यांची उडवी पेटली आणि तिच्या आडोशाला निजलेला तो तिच्यातच सापडला. डुकरे भात नासतात म्हणून तो रोज खळ्यावर निजत असे. मी सकाळी जाऊन पाहिले. पाहायला नको होते. तेव्हापासून छातीत धडधड आहे. दोनदा साखर खाऊन पाणी प्यायलो.

रंगूबाई, त्याची बायको, येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती. "मी बोलत होते, गवताजवळ शेकोटी करू नको. थंडी बाधते म्हणायचा. माझं ऐकलं नाय." आमची आवडी तिला म्हणाली, "मेल्या माणसाला बोल लावू नये गो." दुपारपर्यंत रंगूबाई गप्प झाली.

आवडी ही माझी धाकटी बहीण. तिचा मुलगा महिपत. त्याने मात्र नको ते केले. खळ्यावर सगळ्यांदेखत सांगून टाकले की काल तो शेवटच्या गाडीने पोलादपूरला उतरून ह्याच वाटेने वर आला. हातात कारवीच्या काटक्यांची पेटती चूड होती. पांडूने निजल्या जागेवरून "कोण रे?" विचारले, ह्याने "मी महिपत, काका" म्हटले आणि पुढे निघाला. अमावस्या जवळ आली आहे, चुडीशिवाय ही वाट चढता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे आत्ता सांगायची काय गरज होती? लोक एकमेकांकडे बघायला लागले. दिवाळीनंतर बैलावरून दोघांचे वाजले होते ते कोणी विसरलेले नाही.

मला काळजी लागली आहे. आवडी म्हणते, तुला काळजी नसली तर ताप येतो.

३० डिसेंबर

पोलीसपाटलाने अपघात म्हणून वर्दी दिली होती. काल पांडूचा मुलगा चंदू मुंबईहून आला. आज गावकी बसली. म्हातारे म्हणाले, दिवस होऊ दे, मग बसू, कोणाचे काय चुकले असेल ते मिटवू. चंदू उभा राहिला. "माझा बाप जळून मेला आणि तुम्ही नारळ फोडून मिटवणार? खालीपिली गावकी." तसाच खाली उतरला आणि चौकीवर महिपतचे नाव देऊन आला.

दुपारी हवालदार वर आले. अंगाने जड, घामाने भिजलेले, पण माणूस सभ्य. महिपतला म्हणाले, "परवा सकाळी चौकीवर ये. नुसती चौकशी हाय. बरोबर एखादा शहाणा माणूस आण, सही येणारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चौथी शिकलेला, घाटरस्त्याच्या गँगवर मुकादम होतो. रोजची हजेरी लिहून लिहून ही रोजनिशीची सवय लागली. ह्या सहीपायी मी कुठे अडकेन देव जाणे.

१ जानेवारी १९७९

जाऊन आलो. पाय दुखत आहेत, पण सगळे लिहून ठेवतो.

वाटेत महिपतला समजावले. तो ताठ आहे. "मी काय केलंच नाय तर भिऊ कशाला, मामा?" म्हणतो. मी म्हटले, "साहेबापुढं नाय नाय करू नको. नाय म्हटलं की माणूस चिडतो. मान द्यायचा आणि शेवटी चुकलं, पोटात घ्या, असं म्हणायचं. बैलाच्या वेळी काय केलंस?"

बैलाच्या वेळी असे झाले होते. पांडूचा वाल कोणाच्या तरी बैलाने खाल्ला. महिपतचा बैल त्या दिवशी गोठ्यात होता, मी स्वतः पाहिला होता. पण गावकीत आवाज चढायला लागले तेव्हा महिपतनेच उठून पांडूच्या पायाला हात लावला, "चुकलं काका, पोटात घे" म्हणाला आणि देवळात नारळ दिला. मिटले. बैल कोणाचा होता हे परत कोणी विचारले नाही. आमची रीतच अशी आहे. जो आधी वाकतो त्याला मान. वाडीत सगळ्यांना रोज एकमेकांची तोंडे बघायची असतात.

चौकीत हवालदारांनी चहा मागवला. अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. मी बाकावर बसलो होतो, महिपत उभा.

"पांडूशी तुझं भांडण होतं?"

"मिटलं ते, साहेब. मी चुकलं म्हणालो."

"म्हणजे होतं."

"होतं, पण मिटलं."

"राग आला होता का नाय? माणूस हायस ना तू?"

"येतो की राग. माणसाला येतोच."

"तो खळ्यावर निजतो हे ठाऊक होतं?"

"सगळ्या वाडीला ठाऊक हाय. मला हाक मारली त्यानं, कोण रे म्हणून."

"चूड कुठं टाकलीस?"

"वर ओहळाजवळ असंल. चटका बसाय लागला की टाकतो माणूस. ध्यानात नाय."

"ध्यानात नाय, मग खळ्याजवळ पण टाकली असशील."

महिपतने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, म्हणजे वाद घालू नको.

"असंल, साहेब."

"असंल म्हणजे टाकली."

"तुम्ही म्हणता तर असंल. चुकलं साहेब. पोटात घ्या."

इतका वेळ हवालदार काही लिहीत नव्हते. आता त्यांनी कागद ओढला आणि एका दमात लिहून काढले. अक्षर काय सुरेख, एक खाडाखोड नाही. भरभर वाचून दाखवले. सरकारी भाषा, मला अर्धी समजली, महिपतला त्याहून कमी. त्याने अंगठा उठवला. मी पंच म्हणून सही केली.

हवालदार म्हणाले, "गुणी हाय तुमचा भाचा. त्रास दिला नाय." मला बरे वाटले. आता सोडतील असे वाटले होते. त्याला ठेवून घेतले. आवडीला काय सांगायचे ह्या विचारात अख्खी वाट चढलो.

२ जानेवारी

महिपतला जागा दाखवायला वर आणले. तो ओहळाकडे निघाला तेव्हा हवालदार म्हणाले, "आधी खळ्याकडं बघू." माझे गुडघे धरले होते, मी खालच्या बांधावर बसून राहिलो. थोड्या वेळाने ते सगळे परत आले. हवालदारांच्या हातात कागदात गुंडाळलेला चुडीचा जळका बुडखा होता. असे बुडखे ह्या वाटेवर पावलोपावली पडलेले असतात. मी विचारले, "कुठं मिळाला साहेब?" म्हणाले, "त्यानंच काढून दिला. करा सही."

महिपतची बायको शकू कुंपणाशी तांब्या घेऊन उभी होती. हवालदारांनी त्याला पाणी पिऊ दिले.

मी बसल्या जागीच पंचनाम्यावर सही केली. 

१९ जानेवारी

महिपत जामिनावर आला. वाळला आहे. आवडीने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मला म्हणाली, "दादा, तू होतास म्हणून मारलं नाय त्याला." मला रडू आले.

११ मार्च

शिमगा तोंडावर आला. देवाची पालखी कोणाकोणाच्या अंगणात न्यायची आणि महिपतने खांदा द्यायचा की नाही, ह्यासाठी गावकी बसली. अर्धी वाडी महिपतच्या बाजूची होती. एक म्हातारा तर म्हणाला, "पांडू चिलमीनंच गेला असता कधीतरी. माझी घोंगडी जाळली होती त्यानं." लोक हसले.

मग चंदूने कोर्टातून मिळवलेली नक्कल काढली आणि शाळेच्या मास्तरांना वाचायला दिली. मास्तर मोठ्याने, सावकाश वाचत होते.

"समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मयत पांडू याचेशी माझे पूर्वीपासून वैमनस्य होते. मयत हा खळ्यावर झोपतो हे मला माहीत होते. सदर रात्री मयत याने मला हटकले. त्यावेळी रागाचे भरात मी माझे हातातील पेटती चूड सदर उडवीजवळ टाकली व तेथून निघून गेलो. मला माझे कृत्याचा पश्चात्ताप होत आहे."

कोणी हसले नाही. घोंगडीवाला म्हातारा म्हणाला, "स्वतःच बोललाय म्हटल्यावर आपण कोण?" रंगूबाई बायकांत बसली होती. ती महिपतकडे असे बघत होती जसे त्याला पहिल्यांदाच बघते आहे. मग पदर तोंडाला लावून रडली. त्या सकाळनंतर ती शेकोटीचे कधी बोललेली नाही.

महिपत उठून म्हणाला, "मी असं बोललो नाय." मास्तर म्हणाले, "खाली पंचाची सही आहे." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी काय बोलणार? सही माझी होती. "वैमनस्य" हा शब्द काही मी ऐकल्याचे आठवत नाही, पण भांडण होते हे तर त्याने मान्य केले होते. राग येतो असेही म्हणाला होता. चूड टाकली असेल असे म्हणाला होता. पश्चात्ताप म्हणजे चुकलं म्हणणेच. एकेक करून पाहिले तर कागदात खोटे काहीच नाही. मी म्हटले, "सही माझीच हाय."

पालखी ह्या वर्षी आवडीच्या अंगणात जाणार नाही.

१५ मार्च

शकू आली होती. मी ताक मागितले होते ते घेऊन. गडवा ठेवला पण गेली नाही.

"मामा, तुम्ही होतात ना तिथं?"

"होतो."

"ते असंच बोलले?"

"कागदावर हाय गो तसं."

"कागद मी पण ऐकला. ते काय बोलले ते सांगा."

मला राग आला. मी म्हटले, "शब्दाला शब्द कोण ध्यानात ठेवतो? मतलब तोच होता."

"हवालदारानं काय विचारलं?"

"विचारलं, काय झालं म्हणून."

"एवढंच?"

मला खरेच तेवढेच आठवले. ती रिकामा गडवा न घेताच गेली. आजकालच्या सुना उलट बोलतात.

२२ ऑगस्ट

कित्येक महिन्यांनी लिहीत आहे. लावणी झाली. वरच्या वळणावर दरड पडली होती, रस्ता बंद होता, म्हणून महिपतची तारीख पुढे गेली. एरवी तो दर तारखेला भाकरी बांधून जातो आणि संध्याकाळी परत येतो. काम काही होत नाही.

आज माझ्या ओटीवर भिजून बसला होता. म्हणाला, "मामा, एक विचारू? मी खरंच टाकली का हो?"

"तुझं तुला ठाऊक."

"मला वाटायचं ओहळाजवळ टाकली. पण त्या दिवशी टाकली का आदल्या वेळची आठवतेय, हे कळंना झालंय. रोजचीच वाट. रंगूकाकी मला बघून घरात जाते. ती लहानपणी मला पेज भरवायची. ती उगाच कशी असं करंल?"

मी म्हटले, "जास्त विचार करू नको, डोकं फिरतं."

पण माझेही तसेच झाले आहे. चौकीतला दिवस आठवायला बसलो की हवालदारांचे अक्षर दिसते आणि मास्तरांचा आवाज ऐकू येतो. महिपतचा आवाज येतच नाही. मागचे लिहिलेले काढून बघावे असे मनात आले होते. पण पांडूला पाहिले ते पान आधी लागेल. ती छाती मला नाही.

१० फेब्रुवारी १९८०

समन्स आले. मला कोर्टात उभे राहायचे आहे. दोन दिवस जुलाब होत आहेत.

महिपतच्या वकिलाने बोलावून घेतले. तरुण आहे, बोलतो फार. म्हणाला, "बाबा, चौकीतला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण जागा दाखवल्याचा पंचनामा चालतो, आणि हवालदाराने त्यातही तीच वाक्यं घातली आहेत. म्हणून सगळं तुमच्यावर आहे. त्याला काय काय विचारलं ते सांगा. कागदावर नुसती उत्तरं आहेत."

एक कागद चालत नाही आणि दुसरा चालतो हे काय, मला समजले नाही. आणि उत्तर खरे असले म्हणजे प्रश्न कशाला हवेत? मी म्हटले, "मला आठवत नाय साहेब." तो म्हणाला, "आठवा. पोरगा आत जाईल." त्याने असे घाबरवायला नको होते. घाबरलो की मला काहीच आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

झाले एकदाचे.

सकाळी सरकारी वकिलांच्या माणसाने कागद हातात दिला. "वाचून घ्या बाबा, तारीख वगैरे चुकू नका." मी पडवीत बसून शाळेतली कविता पाठ करावी तसा वाचला. चूक झाली तर खोटी साक्ष म्हणून धरतात असे ऐकले आहे.

पिंजऱ्यात उभा राहिल्यावर सरकारी वकिलांनी विचारले ते सगळे नीट सांगितले. मग महिपतचा वकील उठला.

"रागाचे भरात मी सदर उडवीजवळ चूड टाकली, असं आरोपी स्वतःच्या तोंडाने म्हणाला?"

"होय."

"तुमच्या वाडीत सदर म्हणतात का बाबा?"

"नाय, साहेब."

"मग आरोपी कसा म्हणाला?"

"चौकीत गेल्यावर माणूस नीट बोलतो."

लोक हसले. मॅजिस्ट्रेटही जरा हसले. माझे कान तापले. आपल्याला वेड्यात काढतात असे वाटले आणि मग मी हट्टाला पेटलो.

"टाकली म्हणाला, की टाकली असेल म्हणाला?"

"टाकली म्हणाला."

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

"बुडखा त्याने काढून दिला तेव्हा तुम्ही जवळ होता?"

"पंच होतो मी. सही हाय माझी."

"मयत खळ्यावर शेकोटी करायचा, हे खरं ना?"

"कागदात तसं काय नाय, साहेब."

"कागदातलं नाही विचारत. तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मी काय खळ्यावर निजत नव्हतो."

मॅजिस्ट्रेट लिहीत होते. माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदाच पाहिले. त्यांच्यापुढे तोच कागद होता, त्यावर ते पेन्सिलीने खूण करत होते. महिपत समोर उभा होता. मला वाटले रागाने बघत असेल. तो तसा बघत नव्हता. मास्तर धडा शिकवतात तेव्हा पोरे बघतात तसा, ध्यान देऊन ऐकत होता.

बाहेर आल्यावर आवडी म्हणाली, "दादा, तू काय बोललास?" मी म्हटले, "जे हाय ते." तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

२९ फेब्रुवारी

हयगयीने मरण ओढवले म्हणून दोन वर्षे सक्तमजुरी.

निकाल इंग्रजीत वाचला. वकिलाने मराठीत सांगितले ते असे, की पंच हा आरोपीचा सख्खा मामा आहे, तो भाच्याविरुद्ध खोटे कशाला बोलेल? वकील माझ्याकडे न बघता बोलत होता.

नेण्याआधी महिपतला आमच्याजवळ थोडे बसू दिले. आवडी त्याचे तोंड कुरवाळत होती. मी लांब उभा होतो. त्यानेच हाक मारली.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बरोबर बोललात. आता मला दिसाय लागलंय."

"काय?"

"चूड. मी टाकतो आणि गवताला लागते ते. काका उठून बसतो. डोळे मिटले की रोज दिसतं."

"मग आधी का नाय बोललास?"

"आधी दिसत नव्हतं."

खरे सांगतो, मला हायसे वाटले. ह्या पंधरा दिवसांत घास उतरत नव्हता. आपल्या तोंडून भलतेच गेले की काय, असे वाटत होते. ज्याने केले त्यालाच आठवले म्हटल्यावर माझ्यावर दोष कसला?

परतताना महाडला गाडी बदलायची होती. स्टँडवर मी भजी आणि पाव घेतला, किती दिवसांनी भूक लागली होती. आवडी गाठोड्याला टेकून पडली होती. शकूपुढे कागद धरला, तिने घेतले नाही. तिची समजूत पटावी म्हणून मी म्हटले, "त्याला आठवलं गो सगळं. मला बोलला."

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "घरी मला विचारायचे ते. शकू, मी टाकली का गो? मी नाय म्हणायची. नाय म्हटलं की निजायचे. आता तुम्हाला आठवलं, साहेबाला पटलं, त्यांना पण दिसाय लागलं. नाय म्हणाय मी एकटी उरले."

मी म्हटले, "निवांतपणी आठवतं माणसाला." 

पोलादपूरची गाडी लागली. गाडी रिकामीच होती. आवडी बायकांच्या बाकावर बसली. शकू शेवटपर्यंत उभी राहून आली.